गाडी फुगडी घालता

गणपती होऊन आठवडा झाला होता. कुडाळहून मालवणला परत येत होतो. नेरूरपारचा पूल ओलांडला आणि मागच्या सीटवरून आई म्हणाली, "गाडी फुगडी घालता काय रे? मागसून कोण तरी हलयता असा वाटता."

मला पुढे काहीच कळत नव्हतं. स्टेअरिंग अगदी शांत. रस्त्यावर खड्डे आहेत म्हणून सांगितलं आणि विषय संपवला. धामापूरला चहासाठी थांबलो, तिथे जागा बदलल्या. मी मागे बसलो, धाकटा भाऊ चालवायला. वेग पन्नासच्या पुढे गेला की सीटखालून धडधड यायची, गाडीचं बूड डावी-उजवीकडे डुलायचं. सत्तरला ते कमी व्हायचं, चाळीसला जवळजवळ नसायचंच. आईचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी घरच्या घरी जे जमतं ते केलं. चाकाचे नट पान्याने तपासले, घट्ट होते. हवा बरोबर होती. मागच्या रिमच्या आतल्या बाजूला मात्र तांबड्या मातीचा थर वाळून बसला होता. आपल्याकडे पावसाळ्यात हे ठरलेलंच. एका बाजूला मूठभर चिखल चिकटून वाळला तरी चाकाचं बॅलन्सिंग जातं. पाइप लावून धुतलं. थोडा फरक वाटला, किंवा वाटावा असं मला वाटत होतं.

मग टायरच्या दुकानात बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ आहेत का ते मोजून जुळवणं. डाव्या मागच्या चाकाला बरीच वजनं लागली, तेव्हाच मी कान टवकारायला हवे होते. अलाइनमेंटला त्यांनी फक्त पुढची चाकं घेतली. मागचं का नाही, असं विचारलं तर उत्तर आलं की या गाडीत मागे काही ॲडजस्ट होत नाही. ते खरंच आहे. आमच्या हॅचबॅकला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच जाड पट्टीला बांधलेली. तिथे पुढच्यासारखे फिरवायचे रॉड नाहीत. पण ॲडजस्ट होत नाही म्हणून मोजायचंही नाही, हे मला तेव्हा खटकलं नाही. गाडी सरळ चालवताना स्टेअरिंग किंचित डावीकडे असायचं, ते त्यांनी रॉड फिरवून मधोमध आणून दिलं. पैसे देऊन निघालो. कुंभारमाठ यायच्या आत फुगडी पुन्हा सुरू.

कुंभारमाठला आमचे जुने मेस्त्री आहेत. गॅरेज म्हणजे चार खांब आणि पत्रे. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "स्टेअरिंग हलता की सीट?" सीट म्हटल्यावर म्हणाले, "मगे पुढे बघू नको. मागची चाका पुढे घाल, पुढची मागे. आणि एक फेरी मारून ये."

फेरी मारली. आता स्टेअरिंग हातात थरथरत होतं आणि मागची सीट गप्प. म्हणजे दोष चाकाबरोबर पुढे आला होता. तो बेअरिंगमध्ये किंवा ॲक्सलच्या, म्हणजे त्या मागच्या पट्टीच्या, रबरी बुशमध्ये असता तर जागचा हलला नसता. पाऊण तासाचं काम, खर्च शून्य, आणि अर्धे संशयित बाद.

मग डावं चाक परत मागे लावून जॅकवर उचललं. पुढच्या चाकांखाली दगड, हँडब्रेक खाली. मेस्त्रींनी चाकाशेजारी एक चिरा ठेवला, त्यावर खडूचा तुकडा टायरला जेमतेम लागेल असा धरला आणि चाक हळूहळू फिरवलं. एका जागी खडू टायरवर जोरात घासत होता, उरलेल्या फेरीत फट. तोच खडू रिमच्या कडेला धरला तर रेघ सगळीकडे सारखी. रिम सरळ होती, टायर वाकडा. वरून नीट पाहिलं तेव्हा नक्षीची रेघ एका ठिकाणी नागमोडी झालेली दिसली. टायरच्या आतला तारांचा पट्टा रबरापासून सुटला की असं होतं. बॅलन्सिंग मशीन वजन सारखं करतं, टायरला आलेलं पोट त्याला बसवता येत नाही. बाजूवर 2217 छापलेलं, म्हणजे 2017 सालचा 22वा आठवडा.

"टायर मेलो," मेस्त्री म्हणाले. मी लगेच नवीन दोन टायरांचा हिशेब करायला लागलो. पण ते टायरच्या आतल्या खांद्यावरून, म्हणजे नक्षीच्या गाडीकडच्या कडेवरून, तळहात फिरवत होते. बाहेरून नक्षी चांगली शिल्लक, आतून गुळगुळीत. "नवो टायर घातलंस तरी ह्यो ॲक्सल तो खाऊन टाकतलो."

खरं सांगायचं तर मला ते पटलं नाही. त्यांनी मग मला रस्त्यावर नेलं. एक डबकं होतं, पुढे कोरडं डांबर. डबक्यातून गाडी सरळ नेली आणि उतरून ओल्या खुणा पाहिल्या. मागच्या दोन्ही चाकांची खूण पुढच्या खुणेपेक्षा जेमतेम बोटभर डावीकडे. पुढच्या दोन चाकांतलं आणि मागच्या दोन चाकांतलं अंतर यांत थोडा फरक चांगल्या गाडीतही असतो, पण तो दोन्ही बाजूंना सारखा असायला हवा. आमची गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती आणि सरळ केलेल्या स्टेअरिंगने ते झाकलं होतं.

चारही चाकं मोजणाऱ्या थ्रीडी मशीनसाठी कुडाळला गेलो. आकडे असे आले: मागच्या डाव्या चाकाचा टो, म्हणजे चाक समोरून आत-बाहेर किती वळलंय तो कोन, उणे (बाहेर) 0.42 अंश, उजव्याचा अधिक (आत) 0.12. डावा कॅम्बरही, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर कल, लाल, म्हणजे मर्यादेबाहेर. थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं मिळून गाडीला जिकडे ढकलतात तो कोन, 0.27 अंश डावीकडे. कागद मेस्त्रींना दाखवला. बुश फाटून अख्खा ॲक्सल सरकला असता, तर डावं चाक जेवढं बाहेर वळलं तेवढंच उजवं आत वळलं असतं. उजवं मात्र जागेवर होतं. म्हणजे वाकलंय ते फक्त डाव्या टोकाला.

तेव्हा मला ती रात्र आठवली. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भजनावरून परतताना, चिरे भरलेल्या ट्रकला बाजू देताना डांबराची तुटलेली कड चुकली आणि डावं मागचं चाक खड्ड्यात आदळलं होतं. टॉर्च लावून हवा आहे एवढं पाहिलं आणि घरी गेलो. चाक वर आणि मागे ढकललं गेलं, म्हणून वरून आत कललं आणि समोरून बाहेर वळलं. पट्टाही बहुतेक तेव्हाच सुटला. घरी हे कुणाला सांगितलं नव्हतं, अजूनही भावाला माहीत नाही.

आधी स्वस्तातला उपाय: चाक ज्यावर फिरतं तो स्टब चार बोल्टांवर असतो, तो नवीन आणून बसवला. आकडा तसाच. ते पैसे गेले. वाकला होता बीमचा, चाक धरणारा हातच. एकाने गॅस मारून सरळ करून देतो म्हटलं, मेस्त्रींनी त्याला उभंही केलं नाही. तापवलेल्या लोखंडाचा भरवसा नाही, आणि त्या पट्टीवर मागच्या सीटवरची माणसं बसलेली असतात. शेवटी कोल्हापूरहून जुना बीम साडेसहा हजारांना मिळाला. घाटावरचा, त्यामुळे आमच्याकडच्या खाऱ्या हवेतला गंज त्याला नव्हता. आमचा जुना काढताना दोन बोल्ट इतके धरले होते की पूर्ण दुपार त्यातच गेली.

बीम बसला, दोन नवीन टायर आले, आणि स्टेअरिंग एकदम उजवीकडे वाकडं! मी घाबरलो. मग लक्षात आलं, दुकानदाराने पुढची चाकं वाकड्या मागच्या चाकांशी जुळवली होती. आता मागची सरळ झाल्यावर ते उघडं पडलं. पुन्हा कुडाळ, या वेळी आधी मागचं मोजून मग पुढचं. थ्रस्ट अँगल 0.03.

त्यानंतर दोन हजार किलोमीटर झाले. दर रविवारी डाव्या टायरच्या आतून तळहात फिरवतो, झीज सारखी आहे. स्टेपनी मात्र अजून 2017 चीच आहे, ती बदलायची राहिली आहे.