करणी सिंह महाराजा होते म्हणून जमलं का?

मुलांना ट्रॅप शूटिंग, म्हणजे हवेत उडणाऱ्या थाळ्यांवरची नेमबाजी, शिकवायला घेऊन येणारे पालक भिंतीवरचा नेमबाज डॉ. करणी सिंह यांचा फोटो बघतात आणि हमखास म्हणतात, "बिकानेरचे महाराजा ना हे? घरचीच बंदूक, घरचीच काडतुसं. त्यांना न जमायला काय झालं?" हा प्रश्न नेहमीच येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पैसा होता, हे खरंच. बारा बोअरची चांगली बंदूक आणि हवी तेवढी काडतुसं त्या काळी किती जणांच्या आवाक्यात होती? आजही एका राउंडला 25 बर्ड (उडत्या थाळीला आम्ही बर्ड म्हणतो), म्हणजे किमान 25 काडतुसं लागतात. दिवसाला चार राउंड मारले तर खिशाचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. हा खेळ इतकी वर्षं राजवाड्यांत अडकून पडला तो यामुळेच, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

पण एकदा स्टेशनवर उभे राहून बघा. समोर 15 मीटरवर खंदक, त्यात थाळ्या फेकणारी 15 यंत्रं. तुम्ही 'पुल' म्हणता आणि 11 सेंटिमीटर व्यासाची थाळी ताशी शंभरेक किलोमीटर वेगाने तुमच्यापासून लांब पळत सुटते. डावीकडे जाईल, उजवीकडे की सरळ, ते ती सुटल्यावरच कळतं. सेकंदाच्या आत पहिला बार गेला पाहिजे. दुसरा बार मारायची मुभा असते, पण तोवर थाळी फार पुढे गेलेली असते. शिकारीत हाकारे जनावर समोर आणून देतात. इथे हाकारे नाहीत. चुकलं की पंच 'लॉस्ट' म्हणतो, मग बंदूक कुणाच्याही हातात असो.

1962 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत करणी सिंह पहिल्या स्थानासाठी बरोबरीत होते. बरोबरी सोडवणाऱ्या शूट-ऑफमध्ये सुवर्ण निसटलं, रौप्य मिळालं. लोक हे पदक विसरलेत, याचा मला राग येतो. आधीच्याच वर्षी अर्जुन पुरस्कार सुरू झाला होता, आणि नेमबाजीतला पहिला अर्जुन त्यांचाच. रोम ऑलिंपिकमध्ये ते आठवे आले होते, पुढे मेक्सिकोत दहावे. 1974 ला तेहरानच्या आशियाई स्पर्धेत आणखी एक रौप्य.

आणि 'महाराजा' म्हणताना एक लक्षात घ्या. बिकानेर संस्थान 1949 मध्ये राजस्थानात विलीन झालं, गादी त्यांच्याकडे आली 1950 मध्ये. म्हणजे राज्य त्यांनी कधी केलंच नाही. 1952 ते 1977 अशी पंचवीस वर्षं ते अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून जात राहिले. नावामागचं 'डॉ.' बघून पुष्कळांना ते वैद्यकीय डॉक्टर वाटतात. ती पदवी इतिहासातली आहे, आणि आपल्या मुंबई विद्यापीठाची! बिकानेर घराण्याचे केंद्रीय सत्तांशी असलेले संबंध हा प्रबंधाचा विषय होता. दिल्लीत तुघलकाबादच्या रेंजला त्यांचं नाव आहे, तेही असं 'डॉ.' लावूनच.

1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, किताब गेले. ही नुसती राजेशाही हौस असती तर बंदूक तिथेच खुंटीला लागली असती. पण पुढच्याच वर्षी ते म्युनिकला गेले, आणि 1980 मध्ये मॉस्कोला. ते त्यांचं पाचवं ऑलिंपिक. या दोन्ही वेळा क्रमांक बराच खाली गेला होता. माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा भाग हाच. नाव झालेलं, जागतिक पदक घरात असताना, विशीतल्या पोरांच्या रांगेत उभं राहून हरायची तयारी ठेवायची!

मला आता पन्नाशीत बर्ड क्षणभर उशिरा दिसतो. तेवढ्याने राउंडमध्ये तीन-चार सुटतात. मॉस्कोत ते 56 वर्षांचे होते.