चौथीच्या वर्गात चित्रांची पुस्तके कशाला?

पालकसभेत, शिक्षण परिषदेत आणि आता लग्नाच्या पंगतीतही मला हेच विचारले जाते, की परिसर अभ्यासाचे पाठ्यपुस्तक असताना मी चौथीला लहान मुलांची चित्रपुस्तके वाचून विज्ञान का शिकवतो. तुम्ही विचारलेत म्हणून एकदाच लिहितो.

पाठ्यपुस्तक मी बाजूला ठेवलेले नाही. पण त्यात अळीच्या सगळ्या अवस्था एकाच चौकटीत बाणांनी जोडलेल्या असतात, तर चित्रपुस्तकात पान उलटण्याआधी थांबून पुढे काय होईल याचा अंदाज मुलांकडून वदवून घेता येतो.

आमच्या जालना जिल्ह्यात अनेकांनी कापूस मोडून रेशमाच्या अळ्यांना खाऊ घालायची तुती लावली आहे. अळी पांढऱ्या धाग्यांत गुरफटते आणि त्यातून रंगीत फुलपाखरू निघते, असे एक पुस्तक मी वाचत असताना रेशीम करणाऱ्या घरातली एक मुलगी म्हणाली, "सर, हे खोटं आहे. पांढरं पाखरू निघतं, अन् त्याला उडता बी येत नाही." ती बरोबर होती; फुलपाखराची अळी सहसा असा रेशमी कोष विणत नाही. वर्ग मात्र छापील चित्राच्या बाजूने उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तिने डब्यातून कोष आणले आणि काही दिवसांनी एका कोषाचे टोक ओले होऊन पांढरा पतंग बाहेर आला. मग कोणीतरी विचारले, विकलेल्या कोषांचे काय होते? पतंग बाहेर पडला की सुमारे किलोमीटरभर लांबीचा धागा तुटतो, म्हणून तो आतच उष्णतेने मारतात, असे मी सांगितले. हे तिला ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी तिने चंद्रिकेवरचे, म्हणजे अळ्या ज्या जाळीवर कोष विणतात तिच्यावरचे, कोष काढायला नकार दिला आणि सकाळी तिचे वडील शाळेत आले. "सर, त्या पैशावर घर चालतं आमचं. लेकराला हे आत्ताच सांगायची काय गरज व्हती?" विचारल्यावर खोटे कसे सांगणार, एवढेच मी म्हणालो, ते न बोलता निघून गेले.

चूक चित्राचे पुस्तक वर्गात आणूच नये, असे नोकरीच्या सुरुवातीला माझे ठाम मत होते. तसे वागलो असतो तर "हे खोटं आहे" हे वाक्य वर्गात उमटलेच नसते. तरी ते मत मला पुरते खोडता येत नाही, कारण सत्राच्या शेवटी काही मुलांनी चित्रात रेशमी कोषातून बाहेर येणारे रंगीत फुलपाखरूच काढले. यंदा तेच पुस्तक वाचताना तिच्या वडिलांनाही बोलवावे, असे सहकारी शिक्षिकेचे म्हणणे आहे. मी अजून निरोप धाडलेला नाही.