तुम्ही विचारलंत म्हणून: कानात मशीन आहे ना, मग हा माइक कशाला?

परवा भाचीच्या केळवणात पुन्हा तेच झालं. पंगतीला माझ्या समोर मामी बसली होती, मी पर्समधून माइक काढून तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, मामी, हा जरा गळ्यात घालतेस का, तर ती म्हणाली, "अगं कानात दोन दोन मशीनं आहेत ना तुझ्या? मग हे आणखी काय? त्यापेक्षा चांगलं महागातलं मशीन घे ना एकदाच." मी तेव्हा हसले आणि माइक परत पर्समध्ये ठेवला. घरी येऊन मात्र झोप लागेना. ऑफिसमध्ये, सोसायटीत, माहेरी, सासरी, गेली सहा-सात वर्षं हाच प्रश्न आणि मी दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी गुळमुळीत सांगते. आज नीट सांगते.

मशीन महागातलंच आहे हो. कानाचं मशीन आवाज मोठा करतं, पण त्याचा माइक माझ्या कानाशी आहे, तुमच्या तोंडाशी नाही, खरी गोम तिथे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने खाली येतो. तुमच्या तोंडापासून वीतभरावर जो आवाज असतो तो मीटिंगच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, दहा-अकरा फुटांवर माझ्यापर्यंत येईस्तोवर सुमारे 24 डेसिबलने उतरतो, खोलीत भिंतींमुळे थोडा कमी उतरतो पण मग त्या भिंतींचा घुमारा त्यात मिसळतो. एसी, पंखा, शेजारच्याचं कागद उलटणं हे सगळं मात्र माझ्या कानाजवळच असतं, आणि मशीन तेही मोठं करतं. नवीन मशीनं समोरचा आवाज निवडायचा प्रयत्न करतात, चार-पाच फुटांत ते जमतंही. खोलीच्या पलीकडच्या टोकाचं नाही जमत.

हा माइक तुमच्या गळ्यात असला की तुमचा आवाज वाऱ्यावर न येता वायरलेसने थेट माझ्या मशीनमध्ये येतो. पूर्वी हे एफएमवर चालायचं, कमरेला डबी लावायची, शाळेतल्या मुलांना द्यायचे. 2013 मध्ये फोनाक या कानाची मशीनं बनवणाऱ्या कंपनीने रॉजर म्हणून डिजिटल आणलं, वायफाय चालतं त्याच 2.4 गिगाहर्ट्झवर, आणि ते सतत चॅनल बदलत राहतं म्हणून आजूबाजूच्या वायफायची फारशी अडचण होत नाही. माझा त्यातलाच आहे. अंगठ्याएवढा, काळा, एक दोरी, एक हिरवा दिवा. 2019 मध्ये घेतला तेव्हा दोन महिन्यांचा पगार गेला.

आणि तो वापरणं तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. हातात दिला की निम्मे लोक आधी त्यात फुंकर मारतात, "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग" करतात, सगळे हसतात, आणि ती फुंकर माझ्या दोन्ही कानांत वादळासारखी शिरते. कृपा करून असं करू नका, खरंच दुखतं. आमचे एक साहेब तो खिशात टाकून बोलायचे, मग गोधडीतून बोलल्यासारखं यायचं. बायकांच्या गळ्यात मंगळसूत्राचे मणी माइकवर घासतात, दर श्वासाला खर्र खर्र, आणि कडक स्टार्चची कॉटनची साडी असली तर शब्दांच्या वर नुसती साडीच ऐकू येते. म्हणून मी "जरा डावीकडे सरकवा" म्हणते. त्याचा राग मानू नका.

दुसरा प्रश्न असतो, तोंडावर कमी आणि मागे जास्त: म्हणजे ही आपलं सगळं ऐकते का? माइक चालू राहिला आणि तुम्ही दहा मीटरच्या आत असलात तर हो, ऐकू येतं. चहाचा घोट गिळलेलाही येतो. मी आठवणीने बंद करायला सांगते, माझ्याकडूनही आवाज तोडता येतो. एकदा एक कलीग माइक घालूनच पॅसेजमध्ये गेली आणि मी तो तोडायला जरा वेळ लावला. माझ्याबद्दल काही नव्हतं, तिच्या घरचं होतं. ते मी ऐकायला नको होतं. तिला अजून सांगितलेलं नाही.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते.

2022 च्या ऑगस्टमध्ये बाबा आयसीयूत होते. मी रोज संध्याकाळी भेटीच्या वेळेला जायचे, दादा नागपूरला, दर रात्री मला फोन, म्हणजे मेसेजच, फोनवर माझं जमत नाही. त्या सोमवारी बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं होतं, बोट धरलं होतं. बाहेर आले तर डॉक्टर दारातच भेटले. तोंडावर मास्क, म्हणजे ओठ नाहीत. मागे मॉनिटरची टिकटिक, एसीची घरघर, कुणीतरी स्टीलची ट्रॉली ढकलत नेत होतं. ते घाईत होते, मला ते दिसत होतं. माइक पर्समध्ये होता. चार्ज केलेला होता. माझा हात पर्सच्या चेनवर गेलाही होता.

आणि मी तो काढला नाही.

मला वाटलं, हे एवढे मोठे डॉक्टर, मरणाच्या दारातले पेशंट बघतायत, त्यांना मी काय गळ्यात दोरी घाला म्हणून सांगू. त्यांच्या मागे अजून दोन नातेवाईक उभे होते, तेही बघत होते. ते बोलले, मी मान हलवली, हो, हो म्हटलं. मला जे आलं ते असं आलं: "उद्या... पर्यंत... घर... ऊन घ्या." मी जोडलं, उद्या-परवापर्यंत घरी घेऊन जा. रात्री दादाला लिहिलं की बाबा बरे आहेत, घरी सोडतायत बहुतेक. त्याने विचारलं, तत्काळचं तिकीट काढू का? मी लिहिलं, घाई करू नको, शुक्रवारी निवांत ये.

बुधवारी पहाटे बाबा गेले.

नंतर कागदांवर सह्या करताना तेच डॉक्टर भेटले, या वेळी मास्क हनुवटीवर होता, आणि ते फार हळुवारपणे म्हणाले, "मी सोमवारी तुम्हाला म्हटलं होतं, उद्यापर्यंत घरच्यांना बोलावून घ्या. तुम्ही हो म्हणालात."

घरच्यांना. माझा ऐकण्यातला लॉस 60 ते 70 डेसिबलच्या मध्ये आहे, दिव्यांग हक्कांचा 2016 चा कायदा ज्याला हार्ड ऑफ हिअरिंग म्हणतो तो. माझ्यासारख्याचे स्वर पोचतात, च, स, श, फ असली व्यंजनं आधी गळतात, कारण ती वरच्या फ्रिक्वेन्सीत असतात आणि हळू असतात. "घर" आलं, "ऊन घ्या" आलं, मधला "च्यांना" गळला, "बोला" ट्रॉलीखाली गेलं. बाकीचं माझ्या मनाने भरलं. आम्ही दिवसभर हेच करतो, मिळालेल्या तुकड्यांमधून वाक्य शिवत बसतो, आणि बहुतेक वेळा बरोबर शिवतो म्हणून तुम्हाला वाटतं की हिला येतंय की ऐकू.

त्या आधीची मी, माइक फक्त ऑफिसपुरता वापरणारी, तिचं म्हणणं होतं की आपली अडचण आपण निस्तरावी, दुसऱ्याच्या गळ्यात अडकवू नये. मी तिच्याशी गेली काही वर्षं भांडतेय. पण तिचं अगदीच चुकीचं होतं असंही मला म्हणवत नाही. आयसीयूच्या दारात बाहेरची वस्तू गळ्यात घालायला डॉक्टर नाही म्हणाले असते कदाचित, आणि ते बरोबरही असतं. मग मी कागद-पेन पुढे करू शकले असते, पेन होतं माझ्याकडे. "मला ऐकू आलं नाही, परत सांगा" एवढंच म्हणायला तर काहीच लागत नव्हतं. आणि माइक असता, सगळं लख्ख ऐकू आलं असतं, तरी बाबांनी बोट धरलेलं असताना मी ते ऐकून घेतलं असतं का? मला "घरी" हेच ऐकायचं होतं. त्यात कानाचा दोष किती आणि माझा किती हे मला अजून वेगळं काढता येत नाही. दादा कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं.

तेव्हापासून मी माइक काढते. बँकेत काचेच्या खालून सरकवते, वैशाली हॉटेलात टेबलावर ताटल्यांच्या आवाजात समोरच्याच्या दिशेने आडवा ठेवते, डेंटिस्टला देते. तुम्हाला वाटतं तेवढा निर्ढावलेपणा माझ्यात नाही, दर वेळी हात चेनवर थांबतोच. केळवणातही थांबला, आणि मामीने विचारल्यावर मी परत ठेवून दिला, इतक्या वर्षांनंतरही. म्हणून झोप लागली नाही.

काल तिच्या घरी गेले आणि हे सगळं, बाबांचं सोडून, तिला सांगितलं. तिने काही न बोलता दोरी गळ्यात घातली. मणी खरखरायला लागले, मी हाताने खूण केली, तिने मंगळसूत्र पदराच्या आत सारलं. मग तिचा आवाज आला, इतका जवळ की मी दचकले, "तुझा दादा येतोय ना गं लग्नाला?"

मी म्हटलं, येतोय, तिकीट काढलंय त्याने.