कशापैकी?

सातवीच्या वर्गात कुणी ‘अर्धा’ म्हणालं, ‘पाव’ म्हणालं, ‘वीस टक्के’ म्हणालं, की गुरुजींचा खडू फळ्यापाशी थांबायचा. “कशापैकी?” उत्तर बरोबर असलं तरी ते विचारायचेच. ‘पन्नासपैकी’, ‘डझनापैकी’, ‘रुपयापैकी’ असं काहीतरी जोडल्याशिवाय उत्तर फळ्यावर चढत नसे. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. पुढे पस्तीसहून अधिक वर्षं मी सरकारी रुग्णालयांतून परिचारिका म्हणून काम केलं, आणि हा प्रश्न स्वतःला न विचारता माझा कामाचा एकही दिवस गेला नाही. म्हणून शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा कशावर लिहायचं हे मला शोधावं लागलं नाही.

अपूर्णांक सुरू केले त्या दिवशी गुरुजींनी मधल्या सुट्टीच्या आधी दोघींचे डबे मागून घेतले. एक पेठेतल्या मुलीचा, एक माझा. तिच्या डब्यात घडीची पोळी होती. माझ्या फडक्यात ज्वारीची भाकरी, आईने पहाटे रानात जायच्या आधी थापलेली, ताटाएवढी. गुरुजींनी दोन्हींचे मधोमध दोन भाग केले आणि एकेक भाग वर धरला. “हेही अर्धं, तेही अर्धं. मग सारखं का?” सगळा वर्ग ‘नाही’ म्हणून ओरडला. “मग नुसतं अर्धं म्हणून मला काय कळलं?” एरवी मी तो डबा कोपऱ्यात बसून खायची. त्या दिवशी सगळ्यांच्या मध्ये बसून खाल्ला.

गुरुजी निवृत्तीला आलेले, जुन्या वळणाचे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे आमच्या पुस्तकात नव्हते, पण शनिवारच्या सकाळच्या शाळेत ते आमच्याकडून म्हणून घ्यायचे. चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन. औट म्हणजे साडेतीन हे तेव्हाच कळलं. घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा औटघटकेचं राज्य म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटांचं राज्य, हेही. मराठी माणसाला १.२५ म्हणायला टिंब लागत नाही, तो सव्वा म्हणतो आणि मोकळा होतो. हे शब्द आईच्या तोंडून आपोआप येतात, म्हणून ते किती कामाचे आहेत याकडे आपलं लक्ष जात नाही. गुरुजी ते फळ्यावर एका ओळीत मांडायचे: पाव, १/४, ०.२५, २५ टक्के, चार आणे. खाली दुसरी ओळ: पाऊण, ३/४, ०.७५, ७५ टक्के, बारा आणे. टक्क्याचा दशांश करायचा तर टिंब दोन घरं डावीकडे, दशांशाचा टक्का करायचा तर दोन घरं उजवीकडे. हे ते बोट सरकवून दाखवायचे, आणि पाठोपाठ तो प्रश्न यायचाच.

१ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले तेव्हाची गंमतही त्यांनी सांगितली होती. रुपयाचे सोळा आणे, आता त्याच रुपयाचे शंभर नवे पैसे. सोळाने शंभराला भाग जात नाही, आणा पडतो सव्वासहा पैशांचा. म्हणून एक आण्याला ६ नवे पैसे, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चार आण्यांना २५ असा तक्ता ठरला. “आता सांगा,” ते म्हणाले, “एकेका आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर किती, आणि एकदम घेतल्या तर किती?” वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा, एकदम घेतल्या तर एकोणीस. तो एक पैसा कुठून आला हे शोधण्यात आमचा अख्खा तास गेला. पूर्णांकात आणणं म्हणजे काय ते मी त्या तासाला शिकले, आणि अजून विसरलेले नाही.

पण मला खरं लिहायचं आहे ते शेकड्याबद्दल.

१९७२च्या दुष्काळात आमचा एक बैल विकावा लागला. पुढच्या वर्षी पाऊस झाल्यावर आबांनी पाचशे रुपये काढून दुसरा आणला. पैसे सावकाराकडून घेतले, कारण तो ‘शेकडा तीन’ने देत होता आणि गावातली सोसायटी ‘बारा टक्क्यां’नी. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तीन बारापेक्षा लहान हे त्यांना कळत होतं. त्यांच्या हिशेबाने त्यांनी स्वस्त कर्ज निवडलं होतं. दर महिन्याला पंधरा रुपये नेऊन द्यायचे, आणि पाचशे पाचशेच राहायचे.

सरळव्याजाचा धडा झाला त्या संध्याकाळी मी ओसरीवर पाटी घेऊन बसले होते. गुरुजींनी घरचं एक उदाहरण करून आणायला सांगितलं होतं.

“आबा, आपलं व्याज किती?”

“शेकडा तीन.”

“म्हणजे शंभरापैकी तीन. किती दिवसांचे?”

“महिन्याचे. दर महिन्याला देतो की.”

“आणि सोसायटीचे बारा?”

“ते वर्षाचे.”

मी पाटीवर तिनाला बाराने गुणलं. छत्तीस. पाचशेला वर्षाचे एकशे ऐंशी. शेजारी सोसायटीचे लिहिले, साठ. आबा म्हणाले, परत कर. मी परत केलं. मग त्यांनी पाटी माझ्या हातातून घेतली आणि त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. आकडे त्यांना वाचता येत नव्हते, तरी बराच वेळ बघत होते. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी मी पाटी न पुसता शाळेत नेली. गुरुजींनी ती पाहिली आणि एवढंच म्हणाले, “बरोबर आहे. वडिलांना सांग, सोसायटीच्या सचिवांकडे मी त्यांच्याबरोबर येईन.” ते आले. सोसायटीचं कर्ज मिळालं, सावकाराचे पैसे चुकते झाले. सोसायटीचं फिटायला चार वर्षं लागली, आणि त्या चार वर्षांत मला शाळेतून काढायची गोष्ट आबांनी एकदाही काढली नाही. १९७७ला मी दहावी झाले. त्या वर्षी गावातून दहावी झालेल्या आम्ही तीनच मुली होतो.

नर्सिंगला गेल्यावर पहिले काही महिने आकड्यांनीच छळलं. आपल्या मराठी चाराचं वळण इंग्रजी आठासारखं, त्यामुळे तापाच्या तक्त्यावर मी चारदा खाडाखोड केली. पण ‘पाच टक्के ग्लुकोज’ असं बाटलीवर पहिल्यांदा वाचलं तेव्हा तोंडातून आपसूक आलं, कशापैकी? आमच्या ट्यूटर सिस्टर खूश झाल्या. म्हणाल्या, शंभर मिलिलीटरमध्ये पाच ग्रॅम. ०.९ टक्के सलाईन म्हणजे शंभर मिलिलीटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ, एका ग्रॅमलाही थोडं कमी. एकदा हे कळलं की टक्क्यांचं औषधात रूपांतर करणं पावकीपेक्षा अवघड नाही.

१९९०च्या सुमाराची एक रात्र सांगते. नवजात बालकांच्या कक्षात रात्रपाळीला मी होते. दिवसांआधी जन्मलेलं, पावणेदोन किलोचं बाळ. पट्टीवर साखर अगदी खाली गेलेली. दहा टक्के ग्लुकोज शिरेतून द्यायचं, किलोला दोन मिलिलीटर. कपाटात दहा टक्क्यांची एकही बाटली नव्हती. पाच टक्क्यांच्या होत्या आणि पंचवीस टक्क्यांच्या होत्या. निवासी डॉक्टर कागद शोधत होते. मी मनात धरलं, तीन भाग पाचाचे, एक भाग पंचविसाचा. पाऊणशे मिलिलीटर पाच टक्क्यांचं, त्यात ग्लुकोज ३.७५ ग्रॅम. पंचवीस मिलिलीटर पंचवीस टक्क्यांचं, त्यात ६.२५ ग्रॅम. पावणेचार आणि सव्वासहा, बरोबर दहा. शंभर मिलिलीटरमध्ये दहा ग्रॅम, दहा टक्के. आणि बाळाला द्यायचं किती? पावणेदोन दुणे साडेतीन. औट! डॉक्टरांनी कागदावर करून पाहिलं, दुसऱ्या सिस्टरने वेगळं करून पाहिलं, तिघांचं एक आलं, मगच सिरिंज भरली. अर्ध्या तासाने पट्टी पुन्हा लावली तेव्हा साखर वर आली होती. पहाटे बाळ रडलं. तो आवाज ऐकताना मला आपला शनिवारचा वर्ग आठवत होता, खिडकीतून येणारं कोवळं ऊन आणि एका सुरात चाललेले पाढे.

चूकही सांगितली पाहिजे, कारण ती माझीच होती. एका तान्ह्या मुलासाठी ‘.५ मिलिलीटर’ लिहिलेलं होतं. कागदाची घडी नेमकी टिंबावर पडली होती आणि मला दिसले ५. औषध एक मिलिलीटरच्या अँप्यूलमध्ये यायचं. पहिली फोडली, दुसरी फोडली, तिसरी हातात घेतली आणि थबकले. एवढ्याशा जिवाला पाच अँप्यूल? कागद दिव्याखाली धरला तेव्हा टिंब दिसलं. माझे पाय लटपटत होते, मी स्टुलावर बसून घेतलं. दहापट झालं असतं. तेव्हापासून माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलीला मी दोन गोष्टी पाठ करायला लावल्या. टिंबाच्या आधी शून्य लिहायचंच, ०.५. आणि पूर्ण आकड्यामागे टिंब-शून्य लावायचं नाही, कारण ५.० मधलं टिंब गेलं की पन्नास होतात. शाळेत हे दोन्ही चालतं, दोन्हींना पूर्ण गुण मिळतात. आजच्या गणिताच्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, टिंबाआधीच्या शून्याचा आग्रह पाचवीपासूनच धरा.

बाहेरच्या माणसांशी बोलताना तर तो प्रश्न फारच लागतो. ‘हिमोग्लोबिन आठ टक्के’ असं आम्ही सहज बोलतो. त्याचा अर्थ शंभर मिलिलीटर रक्तात आठ ग्रॅम. घरचे ऐकतात शंभरापैकी आठ. एका गरोदर मुलीची सासू माझा हात धरून रडायला लागली होती, “सिस्टर, मग बाकीचं ब्याण्णव टक्के रक्त गेलं कुठं?” मी तिला खाली बसवलं. म्हटलं, मावशी, शंभर कुणाचंच नसतं. गरोदरपणी निदान अकरा हवं, हिचं आठ आहे. पाऊण भागाला थोडं कमी. गोळ्या वेळेवर घेतल्या, पोटभर जेवली तर भरून येईल. त्या माउलीने ‘पाऊण’ ऐकलं आणि डोळे पुसले. टक्क्याने तिला घाबरवलं होतं, पाऊण मात्र तिच्या रोजच्या बोलण्यातला होता.

निवृत्तीनंतर २०२०मध्ये गावात फवारणीसाठी हायपोक्लोराइट आलं. पाच टक्क्यांचं, करायचं होतं एक टक्का. तरुण मुलं मोठ्या उत्साहाने एका लिटरला पाच लिटर पाणी घालत होती. एकपंचमांश करायचं म्हणजे एकास पाच, असा त्यांचा समज. पण एकपंचमांश म्हणजे सगळ्या मिळून पाच भागांपैकी एक, तेव्हा पाणी चारच लिटर. त्यांचं झालं असतं पाच भागिले सहा, ०.८३ टक्के. कशापैकी हे सुटलं की इथे चूक होतेच, मोठमोठ्यांची होते.

आणि अगदी अलीकडचं. आमच्या शेजारच्या काकांना इन्सुलिन असतं. वर्षानुवर्षं बाटलीतलं घेत होते, एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट, लाल टोपणाची सिरिंज. मग पेन आलं. पेनातल्या काडतुसात एका मिलिलीटरमध्ये १०० युनिट. एक दिवस पेन बिघडलं, म्हणून त्यांच्या मुलाने काडतुसातलं औषध जुन्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये विसाच्या खुणेपर्यंत ओढलं. मी सहज डोकावले होते म्हणून हात धरला. त्या सिरिंजवरची वीसची खूण म्हणजे अर्धा मिलिलीटर. अर्धा मिलिलीटर पेनातलं म्हणजे ५० युनिट, विसाच्या अडीचपट. अडीचकीचा पाढा म्हणताना तो कधी कुणाच्या जिवाशी येईल असं आम्हा कुणाला वाटलं नव्हतं.

या लेखासोबत शाळेच्या गणिताच्या कपाटासाठी एक पत्र्याचा डबा पाठवत आहे. त्यात तापाच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या आहेत, एक पाच मिलिलीटरला १२५ मिलिग्रॅमची, दुसरी २५०ची. दोन मापाची टोपणं आहेत. लाल टोपणाची आणि नारिंगी टोपणाची अशा इन्सुलिनच्या दोन सिरिंजा आहेत, पहिली ४०च्या हिशेबाची, दुसरी १००च्या. सातवीच्या मुलांना विचारा: बाळ दहा किलोचं, किलोला १५ मिलिग्रॅम द्यायचं, तर पहिल्या बाटलीतलं किती आणि दुसरीतलं किती? पहिलीतलं सहा मिलिलीटर येतं, दुसरीतलं तीन. पाणी घालून मोजू द्या, एकमेकांना तपासू द्या. बाटल्या उकळत्या पाण्याने धुतल्या आहेत, आणि सिरिंजांच्या सुया मी कापून काढल्या आहेत.