कूपन, औंस आणि सेंट: न्यू जर्सीतील वाणसामानाचा हिशोब

अमेरिकेत किराणा मालाच्या वेष्टनावर सहसा किंमत छापलेली नसते, ही गोष्ट भारतातून येणाऱ्या माणसाला सुरुवातीला चमत्कारिक वाटते. आपल्याकडे साबणाच्या वडीपासून बिस्किटांच्या पुड्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर कमाल किरकोळ किंमत असते आणि तिच्यात सगळे कर धरलेले असतात. इथे मात्र तीच वस्तू एका दुकानात एका भावाने, पलीकडच्या दुकानात दुसऱ्या आणि पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच भावाने मिळते, कर बिलावर वेगळा लागतो आणि या सगळ्यावर कूपन नावाचा आणखी एक थर चढतो. मोठ्या माणसांना हा प्रकार कटकटीचा वाटतो, पण माझ्या सहावीतल्या मुलीला आणि दुसरीतल्या मुलाला आकडेमोड शिकवण्यासाठी मला याहून चांगले साधन सापडलेले नाही.

कूपने मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक दुकानाचे स्वतःचे, ज्याची सूट दुकान आपल्या नफ्यातून देते. दुसरे उत्पादक कंपनीचे, जे दुकानदार आपल्याकडून घेतो आणि नंतर कंपनीकडे पाठवून तेवढे पैसे वसूल करतो. अनेक छापील कूपनांवर बारीक अक्षरांत दुकानदारासाठी लिहिलेले असते की छापील रकमेखेरीज हाताळणीचे ८ सेंट त्याला मिळतील. त्याच बारीक अक्षरांत बहुतेक वेळा असेही लिहिलेले असते की या कूपनाचे रोख मूल्य एका सेंटचा शंभरावा भाग आहे. म्हणजे एक डॉलर रोख हवा असेल तर दहा हजार कूपने गोळा करावी लागतील, हा हिशोब मुलीने कागदावर मांडला तेव्हा शून्ये मोजताना तिला फार मजा वाटली. कूपन म्हणजे पैसे नव्हेत, ठरावीक वस्तू ठरावीक मुदतीत घेतली तरच ते कामाला येते, हे समजावून सांगण्याचे माझे कष्ट त्या दहा हजारांनी वाचवले.

धाकट्याचे काम नाण्यांचे आहे. दुसरीच्या अभ्यासक्रमात डॉलर आणि नाण्यांची गणिते असतातच, पण १० सेंटचे डाइम हे ५ सेंटच्या निकेलपेक्षा आकाराने लहान का, याचे समाधान पुस्तकातून होत नाही; नाणी हातात खेळली की ते आपोआप अंगवळणी पडते. पंचवीस सेंटच्या क्वार्टरसाठी सांगलीहून आबा मदतीला आले. त्यांच्या पिढीने पावकी, निमकी आणि दिडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीडचे पाढे, पाठ केलेले असल्यामुळे व्हिडिओ कॉलवर त्यांनी नातवाकडून पाच क्वार्टरचे सव्वा, सहाचे दीड आणि सातचे पावणेदोन असे घोटून घेतले आणि आता तो इंग्रजीत विचारले तरी आधी मराठीत मोजतो. एक सेंटचे पेनी मात्र हळूहळू दुर्मीळ होणार, कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचे शेवटचे पेनी पाडले गेले. एक पेनी पाडायला साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येत असे. सरकारने ते का बंद केले, हे दुसरीतल्या मुलालाही सांगावे लागले नाही.

खरी गंमत एकक किमतीची आहे. न्यू जर्सीत मोठ्या दुकानांना फळीवरच्या पट्टीवर वस्तूच्या किमतीसोबत तिची दर औंसाची (सुमारे २८ ग्रॅम) किंवा दर पौंडाची (१६ औंस) किंमतही दाखवावी लागते. समजा, सीरियलचा, म्हणजे न्याहारीला दुधात घालून खायच्या कॉर्नफ्लेक्ससारख्या पदार्थाचा, १२ औंसांचा खोका साडेतीन डॉलरला आहे आणि १८ औंसांचा ४ डॉलर ९९ सेंटला. पट्टीवर लहान खोक्याचा भाव औंसाला २९.२ सेंट आणि मोठ्याचा २७.७ सेंट दिसेल, म्हणजे मोठा खोका स्वस्त, आणि आपण सारे इतकेच पाहून पुढे निघतो. आता हातात एक डॉलरचे कूपन आहे आणि ते कोणत्याही आकाराच्या खोक्यावर चालते असे धरा. लहान खोका अडीच डॉलरला पडतो आणि त्याचा भाव औंसाला २०.८ सेंटवर येतो. मोठा ३ डॉलर ९९ सेंटला पडतो आणि त्याचा भाव २२.२ सेंट होतो. पारडे फिरले. असे का होते, याचे उत्तर मी सांगितले नाही. तोच डॉलर एकदा १२ औंसांत वाटला जातो आणि एकदा १८ औंसांत, हे मुलीने स्वतः शोधले, आणि गुणोत्तर म्हणजे काय हे तिला तेव्हा जितके समजले तितके शाळेच्या कार्यपत्रिकांतून समजले नव्हते, असे माझे मत आहे. फळीवरच्या पट्टीला आपल्या हातातल्या कूपनाची खबर नसते, हे लक्षात आल्यापासून ती पट्टीवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

त्यानंतर शेजारच्या फळीवर दुकानाच्या स्वतःच्या छापाचा २० औंसांचा खोका २ डॉलर ९९ सेंटला उभा असतो, ज्याचा भाव कूपनाशिवायच औंसाला १५ सेंट पडतो. इथे मुलांचा चेहरा पडतो, कारण रविवारच्या पुरवणीतून तुटक रेषेवर कात्री चालवून जपून ठेवलेला कागद टाकून द्यावा लागतो. कूपने बहुतांशी सीरियल, दही, टूथपेस्ट, डिटर्जंट अशा ठरावीक छापाच्या, जाहिरात होणाऱ्या मालावर निघतात. कांदे-बटाटे, तूरडाळ किंवा कोथिंबिरीच्या जुडीवर उत्पादकाचे कूपन आलेले मी तरी पाहिलेले नाही. ओक ट्री रोड या इथल्या भारतीय बाजारपेठेतल्या दुकानांत आठवड्याच्या सवलतींचे पत्रक असते, पण आमच्या स्वयंपाकघरातला निम्म्याहून अधिक माल कूपनांच्या जगाबाहेरचाच आहे. म्हणून घरात नियम असा की यादी आधी लिहायची आणि कूपने नंतर काढायची. यादीत आधीपासून असलेल्या वस्तूवर कूपनाने जे वाचेल त्यातला निम्मा वाटा मुलांच्या बचतीच्या डब्यात जातो, आणि कूपन दिसले म्हणून यादीत घुसलेल्या वस्तूवर त्यांना काहीच मिळत नाही. पावतीच्या तळाशी ‘तुम्ही इतके वाचवले’ अशी ठळक ओळ असते. ती झाकून आधी वरची एकूण रक्कम वाचायची, ही त्याच नियमाची पुरवणी आहे.

आता बरीचशी कूपने दुकानाच्या ॲपवर आली आहेत आणि मुलांच्या दृष्टीने हा तोटाच आहे. बोटाने दाबले की सूट आपोआप वजा होते आणि वजाबाकी कोणी करतच नाही.

कराचा भाग थोडा मोठ्या मुलांसाठी ठेवावा. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के आहे. घरी नेऊन शिजवायच्या खाद्यपदार्थांवर तो साधारणपणे लागत नाही, पण शीतपेये आणि कँडी यांवर लागतो. कँडीच्या व्याख्येत मैदा किंवा पीठ असलेला पदार्थ बसत नाही, त्यामुळे साध्या चॉकलेटच्या वडीवर कर आणि आत वेफर असलेल्या किटकॅटवर करमाफी, असा विनोद बिलावर दिसतो. दोन्ही मुलांना ही माहिती लागलीच पाठ झाली, हे वेगळे सांगायला नको. दुकानाच्या कूपनाने किंमत खरोखरच कमी होते म्हणून कर कमी केलेल्या किमतीवर लागतो. कंपनीच्या कूपनात दुकानदाराला पूर्ण किंमत मिळतेच, फक्त थोडे पैसे आपण आणि उरलेले कंपनी देते, म्हणून कर पूर्ण किमतीवर लागतो.

भारतात कापून न्यायची कूपने फारशी नसली तरी वेष्टनबंद वस्तूंवर आता एकक विक्री किंमतही छापावी लागते, त्यामुळे हा खेळ पुण्या-कोल्हापुरातही मांडता येतो. मागच्या सुटीत मुलीने तिच्या मावसभावासमोर टूथपेस्टचे दोन खोके ठेवले होते: एकावर ‘२० टक्के जास्त’ असे छापलेले आणि दुसऱ्यावर दुकानदाराने २० टक्के सूट दिलेली. दोन्ही सारखेच, असे तो ठामपणे म्हणाला. तिने त्याला १०० ग्रॅमच्या पैशांत १२० ग्रॅम मिळाले तर एका ग्रॅमची किंमत किती उतरते ते काढायला सांगितले. उत्तर १६.६७ टक्के आले आणि सूट असलेला खोका पिशवीत गेला.