दोघांनी एकच चित्रपट पाहिलाय ना? पाहुण्यांसोबत ओटीटी चित्रपटांचं पॉडकास्ट: माझा अनुभव

ओटीटीवरच्या चित्रपटावर पाहुण्यासोबत तासभर बोलायचं असेल, तर मला पहिली काळजी माईकची नसते. आम्ही दोघांनी एकच चित्रपट पाहिलाय का, याची असते. थिएटरमध्ये हा प्रश्नच येत नाही. घरी मात्र एकाने तो मोठ्या टीव्हीवर मूळ भाषेत पाहिलेला असतो आणि दुसऱ्याने फोनवर, डब केलेला, तीन रात्रींत तुकड्यातुकड्याने. मग मल्याळम चित्रपटावर बोलताना पाहुणे म्हणतात, "नायिकेचा आवाज पात्राला शोभत नाही," आणि तो आवाज तिचा नसतोच. अ‍ॅपने आधीच्या सवयीवरून हिंदी ट्रॅक लावलेला असतो.

म्हणून रेकॉर्डिंगच्या दहा दिवस आधी पाहुण्यांना एक मेसेज जातो. कोणत्या अ‍ॅपवर बघणार, ऑडिओ कोणत्या भाषेत, सबटायटल्स कोणत्या भाषेत, आणि पडदा केवढा? शेवटचा प्रश्न लोकांना उगाच वाटतो, पण तो सोडायचा नाही. ज्या फोनला वाइडवाइनची (चित्रपटाची नक्कल रोखणाऱ्या कुलूप-व्यवस्थेची) एल-१ पातळी नाही, एल-३ आहे, त्यावर बहुतेक सेवा ४८०पीच्या वर चित्र देत नाहीत, मग वर्गणी कितीही महागाची असो. अंधारातल्या दृश्यांचा तिथे नुसता काळा गोळा होतो. 'छायाचित्रण फसलंय' असं कोणी ठामपणे म्हणालं की मी आधी फोनचं मॉडेल विचारते.

पाहुणे परदेशात असतील तर अजून एक पायरी. चित्रपटाचे हक्क देशागणिक वेगळे असतात. यादीत नाव दिसलं म्हणजे तो चालेलच असं नाही; कधी तिथे तो भाड्याने घ्यावा लागतो, कधी नुसता ट्रेलर असतो. त्यामुळे 'शोधून बघा' असं न म्हणता 'पहिली पाच मिनिटं चालवून बघा' असं सांगते. वेळही घड्याळासकट लिहून पाठवायची. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा. मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार यांच्या आसपास ठरवलेली रेकॉर्डिंग्ज याच एका तासाने हुकतात.

आता पाहुणे कोण. 'चित्रपटांचा जाणकार' बोलावण्यापेक्षा चित्रपटात जे जग आहे त्यातलं माणूस बोलवावं, असं माझं पक्कं मत झालंय. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' घ्या. ३० एप्रिल २०२१ ला तो नेटफ्लिक्सवर आला. त्यात शास्त्रीय गायन शिकणारा शरद नेरुळकर रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवतो आणि कानात त्याच्या गुरुजींच्या गुरू माई यांचं ध्वनिमुद्रित बोलणं सुरू असतं. मी तिथे कॅमेऱ्याबद्दल बोलेन. रोज रियाज करणारी व्यक्ती मात्र सांगेल की न दिसणाऱ्या गुरूचं बोलणं शिष्यावर किती भार टाकतं, मैफलीत तानपुरा धरून मागे बसणं म्हणजे काय, आणि शरदचा आवाज नेमका कुठे अडतो. मुख्य भूमिकेतले आदित्य मोडक आणि गुरुजींच्या भूमिकेतले अरुण द्रविड दोघेही खरोखरचे गायक, त्यामुळे गाण्यातल्या उणिवाही जाणून-बुजून घडवलेल्या आहेत. हे ऐकणाऱ्याला उलगडून दाखवायला गायकच हवा.

चित्रपटसृष्टीतले पाहुणे बोलवायचे तर सावधपणे. आपली मराठी सृष्टी लहान आहे. आज ज्याच्या कामाबद्दल बोलायचं, तोच उद्या सेटवर सोबत असतो. मग सगळं 'छान', 'प्रामाणिक प्रयत्न' यावर थांबतं. त्यांना मत विचारू नये. "हे दृश्य तुमच्याकडे आलं असतं तर तुम्ही कसं केलं असतं?" असं विचारलं की खरी टीका त्या उत्तरातूनच बाहेर येते, आणि कोणाचा अवमानही होत नाही.

प्रश्नांची यादी मी पाठवत नाही, कारण पाहुणे उत्तरं लिहून आणतात आणि वाचतात. त्याऐवजी तीन दृश्यं कळवते आणि तेवढीच पुन्हा बघायला सांगते. मिनिट-सेकंदावर विसंबू नये. सुरुवातीची प्रमाणपत्रं, सूचना आणि लोगो वेगवेगळ्या सेवांवर कमी-जास्त असतात, म्हणून वेळ पुढेमागे सरकते. दृश्यातलं पहिलं वाक्य लिहून पाठवलं की घोळ होत नाही. आणि बघणं व बोलणं यांत चार दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. त्यानंतर लोकांना चित्रपट आठवतो, दृश्यं आठवत नाहीत.

रेकॉर्डिंग दोन्हीकडे स्वतंत्र. इंटरनेटवरचा कॉल फक्त एकमेकांना ऐकण्यापुरता. खरा आवाज प्रत्येकाच्या यंत्रावर उतरतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, डब्ल्यूएव्ही (न दाबलेली ध्वनिफाइल). तासाला साधारण ५२० एमबी लागतात, तेव्हा जागा आधी मोकळी करून ठेवायची. पाहुण्यांकडे माईक नसेल तर फोनचा व्हॉइस रेकॉर्डर तोंडापासून एक वीत, जरा बाजूला. कानात वायरचेच इअरफोन. ब्लूटूथचा माईक सुरू झाला की आवाज कॉलच्या दर्जावर घसरतो, आणि तो नंतर कशानेही सुधारत नाही. बोलण्याचे उंचवटे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवते, म्हणजे मोठ्याने हसलं तरी फाटत नाही.

दोन्हीकडचे ट्रॅक नंतर जुळवता यावेत म्हणून सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी पुन्हा एक. शेवटची टाळी बरेच जण विसरतात. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत चालत नाहीत. तासाभरात पाव सेकंदापर्यंत फरक सहज पडतो आणि उत्तरं प्रश्नावर चढू लागतात. दोन टाळ्या असल्या की एक ट्रॅक किंचित ताणून बसवता येतो. पाहुण्यांचा आवाज अचानक जाडा आणि संथ किंवा चिरका वाटला, तर एक फाइल ४४.१ किलोहर्ट्झची आहे आणि दुसरी ४८ ची, हे आधी तपासावं.

खोलीचं काय? पंखा बंद, फरशीवर सतरंजी, समोर गोधडी किंवा कपड्यांचं उघडं कपाट. कुकर आधीच उरकून घ्यायचा. शिट्टी बोलण्यावर आली तर काढता येत नाही.

बोलताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो कथा सांगण्यात. पाहुणे सुरू झाले की वीस मिनिटं गोष्टच सांगतात. म्हणून कथासार मीच लिहून ठेवते आणि नव्वद सेकंदांत वाचते. मग ते ओझं त्यांच्यावर राहत नाही. पहिली बारा मिनिटं शेवट न फोडता, त्यानंतर स्पष्ट सूचना आणि तिथे चॅप्टरची खूण.

चित्रपटाचा आवाज मी भागात वापरत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये टीका आणि परीक्षणासाठी रास्त वापराला जागा आहे, पण पार्श्वसंगीत ओळखणारी स्वयंचलित यंत्रणा आधी भाग अडवते आणि वाद नंतर. संवाद लागलाच तर पाहुण्यांनी स्वतः म्हणायचा. गायकाने ती जागा गाऊन दाखवली तर क्लिपपेक्षा कितीतरी जास्त कळतं.

सत्तर मिनिटांचं बोलणं मी पंचेचाळीसवर आणते. कापायची ती पुनरुक्ती. उत्तराआधी पाहुणे जे थांबतात ते ठेवायचं, कारण माणूस विचार करतोय हे तिथेच ऐकू येतं. ८० हर्ट्झखालची घरघर काढायची, एकूण पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं माप), कमाल उणे १ डेसिबल.

चित्रपट कुठे बघायला मिळेल, हे मात्र गप्पांमध्ये कोणालाच बोलू देत नाही. हक्क संपतात, सेवांची नावंसुद्धा बदलतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये डिस्नी प्लस हॉटस्टार आणि जिओसिनेमा मिळून जिओहॉटस्टार झालं आणि जुन्या भागांमधले पत्ते चुकीचे ठरले. ती एक ओळ मी वेगळी रेकॉर्ड करते. भाग सोडायच्या सकाळी अ‍ॅप उघडून चित्रपट चालवून बघते. चालला तर ती ओळ जोडते, नाहीतर नवी म्हणते.