काढणारं की चढवणारं?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कोल्हापुरातल्या प्रत्येक वॉशिंग सेंटरवर रांग असते. गेल्या वर्षी मला शाळेतून निघायला उशीर झाला, आणि आप्पांची बुलेट मी वाटेत दिसलेल्या एका सेंटरवर उभी केली. तिथल्या पोरानं पंपानं पिवळसर पाणी मारलं, फेस आला, प्रेशरनं तो उडवला. दहा मिनिटांत गाडी हातात. टाकी आरशासारखी.

घरी आले तेव्हा आप्पा पायरीवर बसले होते. टाकीकडं त्यांनी बघितलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून इंजिनच्या उजव्या बाजूच्या टायमिंगच्या झाकणाशी वाकले, त्यावरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्याला काय लावलंस गं?"

झाकण पांढुरकं-करडं पडलं होतं. सोडा घालून उकळलेल्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यासारखं. बोटाला भुकटीही लागत होती.

गाडी 1989 ची. आप्पा बत्तीस वर्षं शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते आणि ही त्यांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून घेतलेली. त्या काळच्या बुलेटची इंजिनची झाकणं उघड्या, बफ केलेल्या अॅल्युमिनियमची, वर लॅकरचा पारदर्शक थर नाही. अॅल्युमिनियमवर त्याची स्वतःची ऑक्साइडची साय धरलेली असते, तीच त्याला सांभाळते. ही साय साधारण पीएच 4 ते 8.5 एवढ्यातच टिकते, म्हणजे फार आंबट किंवा फार सोड्याचं काही तिला चालत नाही. कॉस्टिकचं, म्हणजे तीव्र सोड्याचं, पाणी पडलं की साय जाते आणि खालची धातू खाल्ली जाते. चिंच, लिंबाचंही तसंच. तांब्याचा बंब चिंचेनं लखलखतो म्हणून कुणी इंजिनला चिंच लावू नये.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात बफिंगवाल्या मामांकडं गेले. त्यांनी झाकण उन्हात तिरकं धरलं. "ताई, मशीनवर पाच मिनिटांचं काम आहे. पण बफ मारला की थोडी धातू जातीच. ही अक्षरं बघा, आधीच बोथट झाल्यात." झाकणावरच्या उठावाच्या अक्षरांच्या कडा खरंच गोल झाल्या होत्या. आप्पांनी इतक्या वर्षांत दोनदा बफ करून घेतलं होतं. घरी सांगितल्यावर ते म्हणाले, "लखलखीत न्हाई झालं तरी चालंल. अक्षरं जाऊ देऊ नको."

मग हातानं करायचं ठरलं, आणि सामान आणायला मी दुकानात गेले. काउंटरवर बारा-पंधरा बाटल्या, ट्यूबा, डबे मांडलेले, आणि दुकानदार सगळ्यांना एकच नाव घेणार, पॉलिश. तिथं उभी असताना मला मामांचं वाक्य आठवलं आणि त्या दिवसापासून मी प्रत्येक डबा उचलताना एकच विचारते. हे काढणारं आहे की चढवणारं?

रबिंग कंपाऊंड काढणारं. त्यात बारीक कण असतात, ओरखड्याच्या कडा घासून ते सपाट करतात, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. रंग तेवढा कमी होतो. आताच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण 40-50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डोक्याच्या केसापेक्षा पातळ. दर महिन्याला कंपाऊंड मारणारे लोक तो थर झिजवत असतात आणि वरून समाधानी असतात, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा तर हातानं ओढलेल्या. त्यांच्या आसपास मी कंपाऊंड नेतच नाही.

वॅक्स चढवणारं. ब्राझीलच्या ताडाच्या एका जातीच्या पानांवर येणारं कार्नोबा मेण चांगलं. पातळ हात, सावलीत, टाकी गार असताना. पाच-दहा मिनिटांनी धुरकट झालं की मायक्रोफायबरनं पुसायचं. पावसाचं पाणी मण्यांसारखं घरंगळायला लागलं की समजायचं बसलं. मात्र मॅट रंगाच्या गाडीला दोन्ही नकोत. माझ्या भाच्यानं हौसेनं वॅक्स मारलं, टाकीवर चमकते चट्टे पडले.

शाम्पू गाडीचाच घ्या, लेबलवर पीएच न्यूट्रल लिहिलेला. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर तेल काढायला बनवलेली, त्यामुळं चढवलेलं वॅक्सही घेऊन जातात. पावडर बहुधा सोड्याची, म्हणजे झाकणांना पुन्हा तेच दुखणं. दोन बादल्या ठेवायच्या, एक फेसाची, एक फडकं खळबळून घ्यायची. गगनबावड्याहून आल्यावरचा तांबडा चिखल कोरडा पुसायचा नाही, त्यात बारीक वाळू असते. आधी नुसतं पाणी सोडून भिजू द्यायचा. बोअरच्या पाण्यानं धुतलं तर वाळायच्या आत पुसा, नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके उरतात.

मडगार्ड आणि सायलेन्सरचं क्रोम हा आणखी वेगळा प्रकार. क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, खाली निकेल, त्याखाली लोखंड. बारीक छिद्रांतून खालचा गंज वर येतो. त्याला खरखरीत घासणी लावली तर संपलं. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलकेच फिरवा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळं गंज निघतो, क्रोमला ओरखडा येत नाही. मग लगेच वॅक्स, म्हणजे छिद्रं बुजतात.

चेनला रॉकेल आता सहज मिळत नाही, मी डिझेल आणि जुना ब्रश वापरते, कोरडी पुसते आणि नव्वद नंबरचं गिअर ऑईल थेंब थेंब सोडते. ओ-रिंगवाल्या, म्हणजे सांध्यांत रबरी कडी असलेल्या, चेनला पेट्रोल नको, रबर खराब होतं. आणि टायर चमकवायचा स्प्रे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, डिस्कवर, सीटवर कधीही नाही. ह्यात चव-आवडीचा प्रश्न नाही, माणूस पडतो.

झाकणासाठी मी ऑटोसॉल ह्या धातूच्या पॉलिशची ट्यूब आणली. तीही काढणारीच, पण हातानं किती काढायचं ते आपल्या हातात राहतं. आप्पांच्या जुन्या सुती बनियनच्या चिंध्या केल्या. वाटाण्याएवढी पेस्ट, लहान लहान गोल. चिंधी लगेच काळी होते, ती निघालेली धातू आणि ऑक्साइड. काळं येतंय तोवर जागा बदलायची नाही, फक्त चिंधीची बाजू बदलायची. थोड्या वेळानं फडकं अडकायचं थांबतं आणि घसरायला लागतं, तिथं थांबायचं. अक्षरांच्या कडा मी सोडल्या आणि मधल्या खाचा काडीला चिंधी गुंडाळून पुसल्या. चार रविवार गेले. आरसा नाही झाला, दुधावरच्या सायीसारखी मंद चमक आली. वर वॅक्सचा पातळ हात.

यंदा खंडेनवमीला गाडी घरीच धुणार आहे, बुधवारी संध्याकाळपासून. गंध नंबरप्लेटवर लावायचं ठरलंय, टाकीवर नाही, कारण ओलं कुंकू रात्रभर राहिलं की डाग धरतं. नारळाचं पाणी उडालं तर त्याच संध्याकाळी पुसायचं.

काल आप्पांनी कपाटातून एक बनियन काढून माझ्यासमोर ठेवलं. अजून चांगलं होतं, मी म्हटलं हे घाला की. तर म्हणाले, "न्हाई, ह्ये लई मऊ झालंय. झाकणाला घे."